प्रायव्हेट म्हणजे कुलूप नव्हे!

मंडळी, या शनिवारी जरा भांडायचं आहे.

गेल्या पंधरा दिवसांत दोन वाक्यं कानावर आली. दोन्ही माझ्यापेक्षा जास्त अनुभवाच्या आणि अर्थातच जास्त पगाराच्या माणसांची. पहिलं वाक्य: "ते व्हेरिएबल प्रायव्हेट आहे, कन्सोलवरून कुणाला हात लावता येत नाही, तेव्हा सेफ आहे." दुसरं वाक्य: "प्रायव्हेट ठेवलं की डिबग करताना दिसत नाही, म्हणून मी सगळं विंडोवर टांगतो. कटकटच नको."

ऐकायला ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. पण ती एकाच गैरसमजाची जुळी भावंडं आहेत. गैरसमज असा की जावास्क्रिप्टमधलं प्रायव्हेट म्हणजे कुलूप. पहिला त्या कुलपावर भरवसा ठेवून निवांत झोपतो, आणि दुसऱ्याला कुलूप उघडता येत नाही म्हणून तो भिंतच पाडतो. माझं म्हणणं इतकंच की मुळात कुलूप नाहीच. आणि हे एकदा डोक्यात बसलं की डिबगिंगही सोपं होतं आणि सिक्युरिटीबद्दलची झोपही उडते. दोन्ही गोष्टी चांगल्याच.

मग प्रायव्हेट म्हणजे आहे तरी काय?

ब्रेंडन आइक यांनी १९९५च्या मे महिन्यात नेटस्केपमध्ये दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला अवतार उभा केला, ही कथा आपण सगळ्यांनी इंटरव्ह्यूच्या तयारीत वाचलेली असते. त्या भाषेत जावासारखं काम करणारं 'प्रायव्हेट' नव्हतं. २००१ मध्ये डग्लस क्रॉकफर्ड यांनी दाखवून दिलं की क्लोजर वापरून तोच परिणाम साधता येतो. एका फंक्शनच्या आत व्हेरिएबल जाहीर करायचं, आणि त्याच फंक्शनच्या पोटात जन्मलेली दोन-तीन छोटी फंक्शनं बाहेर द्यायची. मोठं फंक्शन संपून जातं, पण छोटी फंक्शनं ते व्हेरिएबल धरून राहतात. बाहेरच्या कोडला ते नावानं हाक मारून सापडत नाही. पुढची कित्येक वर्षं आख्ख्या जगानं हाच मॉड्यूल पॅटर्न गिरवला. ज्यांना एवढाही खटाटोप नको होता त्यांनी नावाआधी अंडरस्कोर लावला आणि 'हात लावू नये' असं सुचवून टाकलं. शेवटी २०२२च्या प्रमाणात # चिन्हानं सुरू होणारी खरीखुरी प्रायव्हेट फील्डं आली.

आता गावाकडचं उदाहरण देतो. जुन्या वाड्यात पाहुणा ओसरीवर बसतो. फार जवळचा असला तर आत येतो. माजघरात मात्र न विचारता शिरत नाही. का? दाराला कुलूप असतं म्हणून? दिवसाउजेडी माजघराला कोण कुलूप लावतं? शिरत नाही कारण तशी रीत आहे. जावास्क्रिप्टमधलं प्रायव्हेट ही अशी रीत आहे. ती एका प्रोग्रामरनं दुसऱ्या प्रोग्रामरला सांगितलेली असते: बाबा रे, हे माझ्या आतल्या कामाचं आहे, उद्या मी याचं नाव बदलीन, रचना बदलीन, तू यावर विसंबू नकोस.

ही रीत फार मोलाची आहे. पण ती कोडनं कोडशी पाळायची रीत आहे. ब्राउजरसमोर बसलेला माणूस पाहुणा नाही. त्याच्या मशीनवर, त्याच्या मेमरीत, त्याच्या विजेवर तुमचा वाडा उभा आहे. घरमालक तो आहे!

विश्वास बसत नसेल तर इतिहास बघा. फायरफॉक्सच्या जुन्या आवृत्त्यांत इव्हॅलला दुसरं आर्ग्युमेंट म्हणून एखादं फंक्शन दिलं की त्याच्या क्लोजरमधली 'प्रायव्हेट' व्हेरिएबल्स सरळ हाताला लागत. पुढे ती सोय काढून टाकली. २००६ मध्ये जो हेविट यांचं फायरबग आलं आणि पानाच्या आत डोकावणं हा रोजचा उद्योग झाला. आज क्रोमच्या कन्सोलमध्ये # वाली फील्डंसुद्धा क्लासच्या बाहेरून वाचता येतात. भाषेचा नियम तिथं मुद्दाम सैल केला आहे. ज्यांनी कुंपण घातलं त्यांनाही ठाऊक आहे की डिबग करणाऱ्याला आत जावंच लागतं.

भिंत पाडणाऱ्यांसाठी

आधी दुसऱ्या वाक्याचा समाचार घेऊ, कारण ते माझ्या धंद्याच्या जास्त जवळचं आहे.

माजलगावचा माझा एक मित्र जिनिंगवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. कापसाची गाडी येते, वजन होतं, ओलावा मोजला जातो, पावती निघते. त्याचा फोन आला. कधीतरी, आठवड्यातून एखाद्या वेळी, एकाच गाडीच्या दोन पावत्या निघत होत्या. त्याच्या ऑफिसात मात्र काही केल्या तसं घडत नव्हतं. कारण सरळ होतं. बग यायला नेट लागोपाठ पाच वेळा तुटावं लागतं. ऑफिसात फायबर. जिनिंगच्या आवारात हंगामात पन्नास गाड्या उभ्या, आणि मोबाइलच्या नेटचा लपंडाव चालू. :)

किती वेळा प्रयत्न झाले याची मोजणी क्लोजरमधल्या एका प्रायव्हेट व्हेरिएबलमध्ये होत होती. मित्राच्या हाताखालच्या मुलाचा प्रस्ताव: "ते विंडोवर काढू या, म्हणजे कन्सोलवरून बदलता येईल." हाच तो भिंत पाडायचा बेत. काही गरज नाही! हे असं करायचं:

१. डेव्हटूल्सच्या सोर्सेस टॅबमध्ये जा, आणि ज्या आतल्या फंक्शनमध्ये ते व्हेरिएबल वापरलं आहे त्याच फंक्शनमधल्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावा. ओळ शोधायचा कंटाळा असेल आणि ते फंक्शन कन्सोलवरून दिसत असेल, तर कन्सोलमध्ये डिबग ही कमांड त्या फंक्शनचं नाव देऊन चालवा. पुढच्या वेळी ते फंक्शन सुरू होताच प्रोग्राम थांबेल.

२. पानावर 'सेव्ह' दाबा. प्रोग्राम थांबला की तुमचा कन्सोल आता बाहेर अंगणात उभा नाही, थेट त्या फंक्शनच्या आत उभा आहे. जे त्या फंक्शनला दिसतं ते सगळं तुम्हालाही दिसतं.

३. आता व्हेरिएबलचं नाव, बरोबरचं चिन्ह, नवा आकडा, एंटर. झालं. टायपायचं नसेल तर बाजूच्या स्कोपच्या चौकटीत क्लोजर असं लिहिलेलं असतं, त्याखालच्या आकड्यावर डबल क्लिक करून बदला.

४. नेटवर्क टॅबमध्ये ऑफलाइन निवडा आणि प्रोग्राम पुढे सोडा.

आम्ही मोजणी चारवर नेली, नेट बंद केलं, सेव्ह दाबलं. पाचवा प्रयत्न फसताच प्रोग्रामनं नवा पावती क्रमांक घेतला, पण जुनी पावती रांगेतून काढलीच नाही. नेट चालू केल्यावर दोन्ही गेल्या. आठवड्यातून एकदा भेटणारा बग दहा मिनिटांत टेबलावर. कोडची एक ओळही न बदलता, काहीही विंडोवर न टांगता.

यात दोन-तीन खाचखळगे आहेत, ते सांगून ठेवतो, कारण तिथंच लोक वैतागून भिंत पाडायला निघतात.

एक. प्रोग्राम थांबलेला असूनही कधीकधी कन्सोल म्हणतो की असं व्हेरिएबलच नाही. डोळ्यांसमोर तर कोडमध्ये दिसतंय! कारण असं की बाहेरच्या फंक्शनमधलं जे व्हेरिएबल आतलं कुठलंच फंक्शन वापरत नाही, ते क्रोमचं व्ही-८ इंजिन क्लोजरमध्ये जपूनच ठेवत नाही. मग ते ज्या फंक्शनमध्ये जाहीर झालं तिथंच ब्रेकपॉइंट लावावा लागतो.

दोन. कॉन्स्ट म्हणून जाहीर केलेल्याला नवी किंमत देता येत नाही. पण तो ऑब्जेक्ट असेल तर त्याच्या आतलं बदलता येतं.

तीन. दर वेळी थांबणं नको असेल तर ब्रेकपॉइंटला अट घाला, आणि अटीतच किंमत बदलून पुढे स्वल्पविराम देऊन फॉल्स लिहा. अट खोटी ठरते म्हणून प्रोग्राम थांबत नाही, पण किंमत मात्र बदलून जाते. ही युक्ती कळली त्या दिवशी मी स्वतःला चहा पाजला होता.

आता कुणी शहाणा म्हणेल, "अहो पण प्रायव्हेटला बाहेरून हात लावणं हे तत्त्वाच्या विरुद्ध नाही का?" नाही. शेजारी कपाट उघडून बघतो ती आगाऊपणाची गोष्ट. डॉक्टर पोट दाबून बघतो ती तपासणी. ब्रेकपॉइंटवर केलेला बदल पान रिफ्रेश होताच नाहीसा होतो. उलट विंडोवर टांगलेली गोष्ट राहते. ती रिलीजमध्ये जाते. मग तिसऱ्या टीमचा कुणीतरी ती पाहतो, "अरे वा, इथं आयती मिळतेय" म्हणून वापरतो, आणि दोन वर्षांनी तुम्ही तिचं नाव बदलायला गेलात की चार पानं मोडतात. डिबगिंगच्या दहा मिनिटांसाठी तुम्ही घराची रीत कायमची मोडलेली असते.

हां, एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. कन्सोलवरून तुम्ही प्रोग्रामला अशा अवस्थेत ढकलू शकता जिथं तो स्वतःहून कधीच पोचणार नाही. मोजणी उणे सात करून "बघा, कोसळलं" म्हणण्यात शौर्य नाही. म्हणून मूल्य बदलून जे सापडतं तो फक्त संशयित. खऱ्या वाटेनं, म्हणजे खरोखर पाच वेळा नेट तोडून, तेच घडलं तरच गुन्हा सिद्ध. आम्ही नंतर तेही केलं.

झोपलेल्यांसाठी

आता पहिलं वाक्य. "कन्सोलवरून हात लावता येत नाही, तेव्हा सेफ आहे."

वर जे चार टप्पे लिहिले ते करायला मला कुणाची परवानगी लागली? पासवर्ड लागला? सोर्स कोड तरी लागला? ब्राउजरला कोड चालवायचा आहे म्हणजे तो ब्राउजरपर्यंत यावाच लागतो. मिनिफाय करा, नावांची अक्षरं-अक्षरं करा, राइट क्लिक बंद करा (हे अजूनही करणारे लोक आहेत, देव त्यांचं भलं करो), डेव्हटूल्स उघडताच पान अडकवणाऱ्या युक्त्या करा. यानं वेळ जातो, दार बंद होत नाही. आणि क्लोजरपर्यंत जायचीही गरज नसते. सर्व्हरकडे जाणारी रिक्वेस्ट नेटवर्क टॅबमध्ये उघडी पडलेली असते. ती कॉपी करायची, आकडा बदलायचा, पुन्हा पाठवायची. तुमचं प्रायव्हेट व्हेरिएबल बिचारं आत सुरक्षित बसून राहतं, आणि बाहेर वाडा लुटला जातो.

त्याच पावतीच्या पानाचा हिशेब करू. सरकारी हमीभाव खरेदीत ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात होते, आणि १२च्या वर कापूस घेतला जात नाही. २०२४-२५च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. समजा जास्तीच्या दर टक्क्याला एक टक्का कपात धरली. ११ टक्के ओलावा म्हणजे क्विंटलमागे साधारण २२५ रुपये. २५ क्विंटलच्या एका गाडीत साडेपाच हजारांच्या वर फरक. हा आकडा ब्राउजरमधल्या एका प्रायव्हेट व्हेरिएबलमध्ये असेल, एकूण रक्कम ब्राउजरच काढत असेल आणि सर्व्हर ती डोळे मिटून लिहून घेत असेल, तर पावतीवर काय छापायचं हे काट्यावर बसलेल्या माणसाच्या मर्जीवर आहे. कमी छापलं तर शेतकरी मेला, जास्त छापलं तर खरेदीदार. आणि ज्याचं नुकसान झालं तो कन्सोल उघडून बघणाऱ्यातला नसतो. त्याच्या हातात फक्त कागद असतो.

मित्राच्या पानाचा सर्व्हर वजन, ओलावा आणि भाव घेऊन रक्कम स्वतः पुन्हा काढतो, हे मी मुद्दाम तपासलं. ब्राउजरमधला हिशेब फक्त दाखवण्यापुरता. असंच असायला हवं.

"एवढं कोण बघतंय हो?" हा पुढचा बचाव. आणि कुणी बघितलंच तर बघणाऱ्यालाच चोर ठरवायचं. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात हेच झालं. सरकारी शिक्षण खात्याच्या वेबसाइटवर पानाच्या सोर्समध्ये शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी नंबर पडलेले एका पत्रकाराला दिसले. त्यानं आधी खात्याला कळवलं, दुरुस्ती होईपर्यंत बातमी थांबवली. गव्हर्नर माइक पार्सन यांनी त्यालाच हॅकर म्हटलं आणि खटल्याची भाषा केली. २०२२च्या फेब्रुवारीत सरकारी वकिलानं गुन्हा दाखल करायला नकार दिला. पानाचा सोर्स बघणं म्हणजे दरोडा समजणाऱ्यांची ही मानसिकता. खिडकीत नोटा वाळत घालायच्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्यानं वर का पाहिलं म्हणून ओरडायचं!

(हे लिहिलं म्हणून उद्या कुणी दुसऱ्याच्या सर्व्हरवर प्रयोग करायला जाऊ नका. आपल्या मशीनवरचं पान तपासणं वेगळं, आणि परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये बदललेले आकडे पाठवणं वेगळं. २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात त्यासाठी कलम ४३ आणि ६६ आहेत. आणि कुणी तुम्हाला 'ही ओळ कन्सोलमध्ये पेस्ट करा, बक्षीस मिळेल' असं सांगितलं तर तो तुमचंच अकाउंट उघडतोय. फेसबुकचा कन्सोल उघडल्यावर लाल अक्षरात इशारा येतो तो त्यासाठीच.)

कन्सोल न उघडताही

आता बीडकर म्हणून एक कडू गोष्ट. खरीप २०२३ पासून राज्यात एक रुपयात पीकविमा होता. अर्ज ऑनलाइन, बहुतेक गावातल्या सीएससी केंद्रातून, आणि केंद्रचालकाला अर्जामागे ४० रुपये. मग बोगस अर्ज उघड व्हायला लागले. सरकारी जमिनीवर विमा, दुसऱ्याच्या जमिनीवर विमा, जे पेरलंच नाही त्या पिकाचा विमा. विषय विधिमंडळात गाजला आणि त्यात आमच्या जिल्ह्याचं नाव पुन्हा पुन्हा आलं. २०२५च्या खरिपापासून एक रुपयाची सवलत बंद झाली. बोगस अर्ज हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं.

यासाठी कन्सोल उघडायची गरजच नव्हती. फॉर्ममध्ये खोटं टाइप करणं पुरेसं होतं. पण इंजिनिअर म्हणून बघा, सर्व्हरच्या दृष्टीनं दोन्हीत फरक काय? बाहेरून एक दावा आला: अमुक गट नंबर, अमुक क्षेत्र, अमुक पीक. तो दावा ब्रेकपॉइंटवर बदललेला आहे, की फॉर्ममध्ये खोटा लिहिलेला, की अगदी खरा, हे सर्व्हरला नुसतं बघून कळत नाही. त्याला ते दुसऱ्या, स्वतःच्या ताब्यातल्या नोंदीशी ताडूनच बघावं लागतं. सातबारा आहे, ई-पीक पाहणी आहे. अर्ज घेण्याच्या क्षणी हे घट्ट ताडलं असतं तर बरीच पुढची शोभा टळली असती. ती न टळल्याची किंमत कोण भरतंय? ज्यानं खरा अर्ज केला तो. आता कापसासारख्या नगदी पिकाला विमा रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत हप्ता त्याच्या खिशातून जातो, वर 'बीडचा अर्ज म्हणजे...' असा संशयही त्याच्याच वाट्याला.

म्हणून मला "प्रायव्हेट आहे, सेफ आहे" या वाक्याचा राग येतो. ते वाक्य बोलणाऱ्याचं काही जात नाही. जाणाऱ्याला क्लोजर म्हणजे काय हेही माहीत नसतं.

तर मग

सोमवारी ऑफिसात गेलात की एक काम करा. तुमच्याच प्रॉडक्टच्या टेस्ट सर्व्हरवर, तुमच्याच एका पानावर, रक्कम किंवा सूट किंवा युजरचा हक्क ठरवणारं एखादं प्रायव्हेट व्हेरिएबल शोधा. ब्रेकपॉइंट लावा, किंमत बदला, सबमिट दाबा. सर्व्हरनं नाकारलं तर सर्व्हर लिहिणाऱ्याला एक चहा पाजा. सर्व्हरनं मुकाट्यानं घेतलं तर बग टाका, आणि त्याला 'लो प्रायॉरिटी' लावू देऊ नका.

आणि हे करताना ते व्हेरिएबल प्रायव्हेटच राहू द्या. माजघराला रीत पुरते. कुलूप लावायचं ते सर्व्हरवर.